भूल देणाऱ्यांची वार्षिक सभा

आमच्या कामात किस्से जमवावे लागत नाहीत. गाडीच्या डिकीत रिकाम्या पिशव्या साचतात तसे ते साचत जातात, आणि एखाद्या दिवशी डिकी उघडली की सगळे एकदम अंगावर येतात. आता वार्षिक सभा तोंडावर आलीय, कार्यक्रमपत्रिका छापायला द्यायचीय, आणि मी टेबलाशी बसून भलतंच आठवत बसलेय.

मी भूलतज्ज्ञ आहे. खेड्यातले लोक "भूलवाल्या बाई" म्हणतात. इतर डॉक्टरांकडे पेशंट तयारी करून येतो; कुठं दुखतं, कधीपासून, आधी कुणाला दाखवलं. आमच्याशी तो बोलतो ते टेबलावर आडवा झाल्यावर. झोपेत शिरताना एक वाक्य, आणि झोपेतून बाहेर येताना एक वाक्य. ही दोन वाक्यं बहुतेक आम्हीच ऐकतो. माणूस स्वतः ती विसरून जातो. आमच्याकडे मात्र ती राहतात.

आमची एक जिल्हा संघटना आहे. एवढी मोठी की सगळे सभासद एका टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये मावतात. अध्यक्ष टेकाळे सर, वय सत्तरीला टेकलेलं. पूर्वी भोकरदनपासून घनसावंगीपर्यंत मोटरसायकलवर बॅग बांधून भूल द्यायला जायचे. उपाध्यक्ष डॉ. इम्रान, जालन्यातच वाढलेला, माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान आणि माझ्यापेक्षा दुप्पट बोलणारा. आणि मी सचिव. सचिव म्हणजे हॉल बुक करणारी, बॅनर छापून घेणारी आणि जेवणात जिलेबी कमी पडली तर बोलणी खाणारी.

दर महिन्याला आम्ही भेटतो. केस, नवी औषधं, नवी मशिनं असं सगळं झालं की चहाबरोबर ही वाक्यं निघतात. सरांचा नियम एकच. नाव सांगायचं नाही आणि हसायचं असेल तर त्या माणसाच्या समोर हसता येईल एवढंच हसायचं. म्हणून इथंही नावं मी बदलली आहेत, गावंही इकडची तिकडं केली आहेत.

०

एस.टी.तून रिटायर झालेले एक कंडक्टर होते. पोटाचं ऑपरेशन. टेबलावर घेतलं तेव्हा हात पोटावर असे ठेवून झोपले होते, की तिकिटांची बॅग अजून गळ्यात असावी.

त्यांना भूल टेकाळे सर देत होते. मी तेव्हा नवीन, सरांच्या मदतीला. सरांच्या आवाजाबद्दल इथंच सांगून ठेवते. तो जाड नाही, गोडही नाही. दुपारी शेजारच्या घरात कुणीतरी हळू बोलत असावं आणि आपल्याला डुलकी लागावी, तसा आहे. सरांनी त्यांना एकपासून मोजायला सांगितलं.

ते म्हणाले, मोजणं आयुष्यभर झालं, आता नको, गावं सांगतो. आणि सुरू झाले. "जालना. इंदेवाडी. गोलापांगरी..." गोलापांगरीला डोळे मिटले.

ऑपरेशन दीड तास चाललं. शुद्धीवर येताना त्यांनी आधी ओठ ओले केले आणि मग अगदी स्वच्छ म्हणाले, "अंबड आलं. सावकाश उतरा."

आम्ही हसलो. समोर हसता येईल एवढंच. त्यांनी डोळे न उघडता सरांचा हात धरला आणि सांगू लागले, की गोलापांगरीला एक बाई चढली होती. हिरवं लुगडं, हातात पितळेचा डबा. सगळ्या सीटा रिकाम्या, तरी माझ्याच शेजारी येऊन बसली. मी तिला तिकीट विचारलंच न्हाई.

बाहेर त्यांचा मुलगा उभा होता. सरांनी त्याला ऑपरेशन चांगलं झाल्याचं सांगितलं आणि मग सहज विचारावं तसं विचारलं, की तुमचं गोलापांगरीला कुणी आहे का.

तो म्हणाला, "आईचं माहेर हाय, डॉक्टर. पण आई जाऊन आता सहा वर्षं झाली."

त्यानंतर सरांनी पेशंटला आकडे मोजायला लावल्याचं मी पाहिलं नाही. ज्याला जे बोलायचं असेल ते बोलू द्यायचे.

०

बॅनरचा किस्सा मी सचिव झाल्यावरचा पहिलाच. वार्षिक सभा त्या साली अंबडला घ्यायची ठरली होती. मी बॅनरचा मजकूर फोनवर पाठवला आणि सकाळी थेट हॉलवर गेले. दारावर, माणसाच्या उंचीच्या लाल अक्षरांत लिहिलं होतं: "जिल्हा भूततज्ज्ञ संघटना, वार्षिक सभा. सर्वांचे हार्दिक स्वागत."

एक अक्षर. इम्रान म्हणाला, उतरवायला शिडी नाही, आणि स्वागत तर बराबर लिहिलंय, राहू द्या. आम्ही आत गेलो. पहिलं भाषण सुरू झालं.

अकराच्या सुमाराला दारात एक म्हातारे गृहस्थ येऊन उभे राहिले. डोक्याला रुमाल, पायात धुळीनं भरलेल्या चपला. त्यांच्यामागे पदर घट्ट ओढून घेतलेली वीसेक वर्षांची मुलगी. बाजाराला आले होते, बॅनर वाचून आत आले. ते अगदी हळू आवाजात मला सांगू लागले, "बाई, सुनेला बाहेरचं काही तरी लागलंय. दोन महिने झाले, झोपतच न्हाई. नुसती बसून राह्यते. लई ठिकाणी नेऊन आणलं. इथं सगळे मोठे मोठे डॉक्टरच आल्ते म्हणून मंग आलो."

छापणाऱ्याची चूक झाली आहे असं सांगायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात सर मागून आले. त्यांनी दोघांना बाहेरच्या झाडाखाली खुर्च्या दिल्या, चहा मागवला आणि म्हणाले, की भूत आम्ही काढत नाही, पण झोपेचं काम आमचंच आहे.

मुलगी खाली बघत होती. सरांनी तिला आजाराचं काही विचारलं नाही. माहेर कुठलं, घरात कोण कोण, भावंडं किती. चहा संपत आल्यावर विचारलं, माहेरी कुठं झोपायचीस.

"गच्चीवर. लहानपणापासून."

"आणि इथं?"

सासरेच म्हणाले, की आतली खोली दिली आहे, चांगली आहे, पंखा आहे. सरांनी खिडकी विचारली. सासरे म्हणाले, खिडकी न्हाई.

मुलीनं तेव्हा पहिल्यांदा मान वर केली. म्हणाली, डोळे मिटले की वर छप्पर खाली येऊन राह्यलंय असं वाटतं. वर चांदण्या असल्या की तसं वाटत न्हाई.

सरांनी खिशातलं पॅड काढलं. वर जालन्यातल्या मानसोपचाराच्या डॉक्टरांचं नाव लिहिलं, त्यांना जरूर दाखवा म्हणून बजावून सांगितलं. त्याखाली औषध लिहायच्या जागी लिहिलं: खाट, गच्चीवर, रोज एकदा, झोपताना. सही केली.

सासऱ्यांना वाचता येत होतं, पण डॉक्टरचं अक्षर त्यांना लागलं नाही. ते कागद घेऊन सरळ समोरच्या मेडिकलवर गेले. दुकानदारानं कागद उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाला, "हे आपल्याकडं मिळत न्हाई. घरीच असंल बघा."

दीड महिन्यानं ते मोसंबीची पिशवी घेऊन सरांच्या घरी आले. सून झोपायला लागली होती. मानसोपचाराच्या डॉक्टरांनाही दाखवून आले होते, त्यांनी खाट गच्चीवरच राहू द्या म्हणून सांगितलं होतं. फक्त एक अडचण होती म्हणाले. "आता समदं घरच वर झोपायला जाऊन राह्यलंय. खाली कुलूप."

०

भुलीची भीती घालवायची म्हणून आम्ही गावोगावी कार्यक्रम घेतो. तीर्थपुरीचा कार्यक्रम माझ्या वडिलांनी जमवला होता. ते तिथल्याच शाळेत मास्तर होते, आम्ही तिथंच वाढलो. बाबांनी बौद्धवाड्यातून, गावातून, शेजारच्या वस्त्यांवरून माणसं बोलावली होती. शाळेचा मोठा वर्ग भरला. बाबा पहिल्या ओळीत इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते आणि मी काय बोलते त्यापेक्षा लोक माझ्याकडे कसे बघतात ते बघत होते.

गावातल्या तीन बायकांना ऑपरेशन सांगितलेलं होतं आणि तिघीही तयार नव्हत्या. त्या मागे भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांच्यासाठीच खरं तर हा सगळा खटाटोप होता. एकीचं दुखणं तर असं होतं की अजून उशीर करणं बरं नव्हतं.

इम्राननं स्लाइड दाखवल्या. मेंदू, नसा, औषध कुठून कुठं जातं. छान बोलला. मग कुणाला काही विचारायचंय का म्हणून आम्ही थांबलो. एक आजी उभ्या राहिल्या. हातात काठी, पाठ वाकलेली.

"मला एकच सांगा. तितक्या येळात माणूस कुठं जातं?"

इम्राननं उत्तर दिलं, की कुठंच जात नाही, मेंदूचा जागं राहण्याचा भाग तेवढा शांत होतो. आजींनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, ते मी ऐकलं बाबा, चित्रात दाखवलंस. पण माणूस कुठं जातं?

इम्राननं माझ्याकडे पाहिलं. मी सरांकडे पाहिलं.

सर उठले. "आजी, मला माहीत नाही. मी चाळीस वर्षं हे काम करतोय, मला कळलेलं नाही. पण एक सांगतो. माणूस परत येईपर्यंत मी तिथून उठत नाही."

आजी म्हणाल्या, "मंग बराबर हाय," आणि खाली बसल्या.

त्या तिघी बायकांनी त्याच आठवड्यात तारखा घेतल्या. एकीला मी भूल दिली. टेबलावर तिनं मला एकच विचारलं: "तुमी बी उठणार न्हाई ना?"

०

गेल्या सालची वार्षिक सभा जालन्यात झाली. तिचा वृत्तांत मी नियमाप्रमाणे लिहून ठेवला आहे, पण त्यात हे नाही.

जेवणात पुरणपोळी होती. तूप वाढणारा माणूस कुणाचं ऐकत नव्हता. जेवणानंतर लगेच संभाजीनगरहून आलेल्या एका ज्येष्ठ पाहुण्यांचं व्याख्यान. विषय होता झोप आणि भूल यांतला फरक. स्लाइड दिसाव्यात म्हणून दिवे घालवले, पडदे ओढले. एसी गुणगुणत होता. पाहुणे हळुवार बोलणारे, प्रत्येक वाक्याच्या शेवटी थोडं थांबणारे.

मला पहिल्या चार स्लाइड आठवतात. पाचवीत निळ्या पार्श्वभूमीवर एक रेघ होती, लाटांसारखी, वर खाली, वर खाली. ती आमच्या तीर्थपुरीच्या शाळेमागच्या ज्वारीत गेली आणि मी तिच्या मागे मागे गेले. कणसं कानाला लागत होती. कुणीतरी लांबून हजेरी घेत होतं आणि माझं नाव अजून आलेलं नव्हतं, म्हणून मला कसलीच घाई नव्हती.

जाग आली ती कपबशांच्या आवाजानं. चहावाला दारात ट्रे घेऊन उभा होता आणि आत बघत होता. मी इकडं तिकडं पाहिलं. जिल्ह्यातले झाडून सगळे भूलतज्ज्ञ झोपले होते. इम्रानचं डोकं मागे, तोंड उघडं. सर ताठ बसलेले, चष्मा घातलेला, हात मांडीवर, पण झोपलेले. मी स्टेजकडे पाहिलं. पाहुणे खुर्चीत बसले होते, मान एका बाजूला, हातात अजून माईक. पडद्यावर तीच निळी रेघ.

मी मुद्दाम पेन खाली पाडलं. एकेक जण हलला. पाहुण्यांनी डोळे उघडले, माईक तोंडाशी धरला आणि म्हणाले, "तर, हा तो फरक आहे."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. चहाला कुणीही त्याबद्दल बोललं नाही, आणि आजतागायत बोललेलं नाही. अभिप्रायाच्या कागदांवर मात्र सगळ्यांनी लिहिलं होतं, की असं व्याख्यान दर वर्षी व्हावं.

०

यंदाचं साल वेगळं निघालं.

सरांच्या गळ्यात गाठ होती, थायरॉइडची. आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. ते शर्टाची वरची गुंडी लावून फिरायचे. एका दुपारी त्यांनी मला आणि इम्रानला घरी बोलावलं, रिपोर्ट पुढे ठेवले आणि सांगितलं, की ऑपरेशन करावं लागणार आहे, भूल तुम्ही दोघांनी द्यायची.

गाठ साधी होती, जिवाला धोका नव्हता. पण तिथून आवाजाची नस जाते. सर्जननं आधीच सांगितलं होतं, की नस सांभाळायचा पूर्ण प्रयत्न करू, पण आवाज बसू शकतो. बहुतेकांचा परत येतो. सर हे सांगताना हसत होते, पण हात गळ्याशी जात होता.

यंदाच्या सभेत त्यांचं शेवटचं भाषण ठेवलं होतं. अध्यक्षपद सोडणार होते. विषय काय छापू म्हणून मी विचारलं होतं, तर म्हणाले होते, उभा राहिलो की सुचेल.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी मी हात तीनदा धुतले. इतकी वर्षं झाली, पण ज्यांच्याकडून शिकले त्यांनाच झोपवायचं होतं. सर टेबलावर स्वतः चढून झोपले. इम्राननं मॉनिटर लावला. लावून झाल्यावरही तो वायरी पुन्हा पुन्हा तपासत होता.

मी विचारलं, "सर, काही बोलता का?"

ते म्हणाले, "आज तू बोल. मी ऐकतो."

मी आकडे म्हणायला लागले. एक, दोन, तीन. चारला त्यांची पापणी मिटली. मी थांबले नाही. का कोण जाणे, मी दहापर्यंत म्हटले. नर्सनं सुद्धा मला थांबवलं नाही.

ऑपरेशन चांगलं झालं. शुद्धीवर आले, डोळे उघडले, आम्हाला ओळखलं. इम्राननं वाकून विचारलं, "सर, बरं आहे ना?" सरांचे ओठ हलले. आवाज आला नाही. पुन्हा हलले. नुसती हवा आली, खिडकीच्या फटीतून येते तशी.

नस ताणली गेली होती, तुटली नव्हती. परत येईल, सर्जन म्हणाला, आठवडे लागतील, कदाचित महिने. इम्रान बाहेर व्हरांड्यात जाऊन भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मी त्याला हाक मारली नाही.

०

नंतर सर घरीच असायचे. ऑपरेशन थिएटरला जाणं त्यांनी बंद केलं. कुजबुजल्यासारखं बोलता यायचं, पण त्यांना ते आवडत नसे, पाटीवर लिहायचे. मी कार्यक्रमपत्रिकेचा मसुदा घेऊन गेले तेव्हा त्यांनी आपल्या भाषणाच्या ओळीवर काट मारली. मी कागद घडी करून पर्समध्ये ठेवला आणि छापखान्यात दिला नाही.

याच दिवसांत हसनाबादकडच्या एक सुभद्राबाई आल्या. पन्नाशीच्या. पित्ताशयात खडे, दोनदा ताप येऊन गेलेला. पुढच्या वेळी प्रकरण हाताबाहेर गेलं असतं. आणि ही बाई दोनदा टेबलावरून उठून पळाली होती. दुसऱ्या वेळी तर चप्पल न घालता रिक्षा स्टँडपर्यंत गेली होती. घरचे रडकुंडीला आलेले.

मी तिच्याशेजारी बसले. भीती कशाची वाटते म्हणून विचारलं. मरणाची नाही म्हणाली. घरात सासू, दीर, पोरं, आता नातवंडं. उभ्या जन्मात तिला कुणी हाक मारली आणि तिनं ओ दिली नाही, असं झालं नव्हतं.

"म्या झोपले अन् कुणी हाक मारली, अन् मला ऐकूच आली न्हाई, तर?"

मग तिनं सांगितलं, की धाकट्या पोराच्या वेळी पोट फाडावं लागलं होतं, तेव्हा टेकाळे डॉक्टर होते. त्यांनी हाक मारली ती लई लांबून ऐकू आल्ती, पण आल्ती. ते असतील तर झोपते. न्हाई तर न्हाई.

इम्रान आणि मी सरांच्या घरी गेलो. सगळं सांगितलं. सरांनी पाटी घेतली आणि लिहिलं: हाक मारायला आवाज कुठाय?

इम्रान नेहमीसारखं काहीतरी बोलेल असं मला वाटलं. तो फक्त म्हणाला, "सर, तिला हे आम्ही कसं सांगायचं? तुम्हीच येऊन सांगा." सरांनी पाटी पुसली. दुसऱ्या दिवशी सकाळी इस्त्रीचे कपडे घालून ते दवाखान्याच्या पायऱ्यांवर आमच्या आधी उभे होते.

शेवट आधीच सांगून टाकते, म्हणजे तुमचा जीव टांगणीला नको. ऑपरेशन नीट झालं. संपल्यावर सरांनी तिच्या कानाशी वाकून तिचं नाव घेतलं, मला शेजारी उभं राहूनही नीट ऐकू आलं नाही, आणि तिनं "ओ" दिली. तिसऱ्या दिवशी घरी गेली. सरांनी त्याच संध्याकाळी मला निरोप धाडला, की भाषणाची ओळ राहू दे, माईक चांगला बघ. आवाज अजून पुरता आलेला नाही. सभा या महिन्याच्या शेवटी आहे.

पण मला सांगायचंय ते त्या आधीचं. ती टेबलावर आली तेव्हाचं.

तिनं चादर मुठीत घट्ट धरली होती. मॉनिटरवरची नाडी धावत होती. हाताला सलाईन लावलेलं, बाकी अजून काही दिलेलं नव्हतं. मी औषध भरून उभी होते. सर तिच्या डोक्याशी स्टुलावर बसले. तिनं मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं आणि ओळखलं. सरांनी बोलायला सुरुवात केली.

काय बोलत होते ते कळेना. नुसती कुजबुज. नर्सनं ट्रेमध्ये कात्री ठेवत असताना हात मध्येच थांबवला. सर्जन हातमोजे ओढत होता, तोही थांबला. इम्राननं मॉनिटरचा आवाज कमी केला. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं, पण तिला ऐकू यावं म्हणून आम्ही सगळे गप्प झालो. इतके, की सलाईनचे थेंब पडताना दिसत होते आणि वाटत होतं, त्यांचाही आवाज व्हायला नको.

नाडी उतरत गेली. एकशेवीस, एकशेदहा, शंभर. ऐंशी. तिची मुठीत धरलेली चादर सुटली. बोटं एकेक करून उघडली. श्वास लांब झाला, मग आणखी लांब. सरांनी माझ्याकडे पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

किती वेळ गेला सांगता येत नाही. शेवटी सर्जननं अगदी दबक्या आवाजात विचारलं, "मॅडम, भूल दिली?"

मी हाताकडे पाहिलं. सिरिंज भरलेलीच होती.